घरातल्या घरात कुलपं कशाला?

पत्र, नाव-गाव वगळून, थोडक्यात:

घरात दोन डिस्कची नॅस (घरातल्या नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणारं साठवणीचं खोकं) बसवून दीड वर्ष झालं. वापरणारे पाच जण: पत्र लिहिणाऱ्या ताई, त्यांचे पती, सासरे, १७ वर्षांची मुलगी आणि ९ वर्षांचा मुलगा. सुरुवातीला सगळ्यांना मिळून एकच लॉगिन आणि एकच मोठा शेअर (नेटवर्कवरून दिसणारा सगळ्यात वरचा फोल्डर) होता, त्याचं नाव ‘घर’. एक दिवस ‘२०१९’ हा फोटोंचा अख्खा फोल्डर गायब झाला आणि तीन दिवसांनी ‘सिनेमे’च्या आत सापडला. मग ताईंनी प्रत्येकाला वेगळं लॉगिन दिलं आणि कागदपत्रांसाठी वेगळा शेअर केला. मुलांनी तिथे जाऊ नये म्हणून ‘युझर्स’ ग्रुपला ‘नो ॲक्सेस’ आणि स्वतःला ‘रीड-राइट’ दिलं, तर स्वतःच बाहेर अडकल्या. ओळखीच्या एकानं ‘सगळीकडे ७७७ करून टाका’ असं सांगितलं. तेही केलं. आता जुन्या फाइली सगळ्यांना उघडतात, पण मुलानं काल ठेवलेली फाइल मुलीला बदलता येत नाही. पतींच्या लॅपटॉपवर पासवर्ड पुन्हापुन्हा मागितला जातो. चाळीसेक फोल्डर आणि पाच माणसं असा एक तक्ता ताईंनी बनवलाय, पण तो भरताना डोकं फिरतं. सासरे म्हणतात, ‘घरातल्या घरात कुलपं कशाला?’ ताई विचारतात: परत एकच लॉगिन करू, की चिकाटीनं तक्ता पूर्ण भरू?

ताई, सासऱ्यांचा प्रश्न आधी घेऊ. पत्रातला सगळ्यात चांगला प्रश्न तोच आहे.

‘२०१९’ हलला तेव्हा घरात कुणी चोरी केली नव्हती. ट्रॅकपॅडवर बोट जरा जास्त टेकलं, फोल्डर बोटाला चिकटला आणि शेजारच्या फोल्डरवर सुटला. एकाच शेअरच्या आत फोल्डर हलवणं म्हणजे नॅसच्या दृष्टीनं नुसतं पत्ता बदलणं. आत दहा हजार फोटो असले तरी क्षणभरात होतं, हिरवी पट्टीसुद्धा दिसत नाही, त्यामुळे करणाऱ्यालाही कळत नाही. घरातल्या परवानग्या मुख्यतः या बोटासाठी असतात. माणसावर विश्वास आहे की नाही, हा प्रश्न तिथे येतच नाही. आणि सासऱ्यांना कुलूप दिसायचंही कारण नाही: त्यांच्या लॅपटॉपवर त्यांचं नाव आणि पासवर्ड एकदा घालून ‘लक्षात ठेव’वर खूण केली की पुढे त्यांना काहीच टाइप करावं लागत नाही. फोल्डर उघडतो, फोटो दिसतात. चुकून डिलीट दाबलं तर मात्र नॅस नाही म्हणते.

म्हणून तक्ता भरण्याआधी त्यातले दोन प्रश्न वेगळे करा. ‘हे कुणी पाहू नये’ हा एक. ‘हे कुणाच्या हातून बिघडू नये’ हा दुसरा. तुमच्या चाळीस ओळींमधल्या बहुतेक दुसऱ्या प्रकारच्या निघतील. पहिल्या प्रकारात साधारणपणे बँकेची कागदपत्रं, वैद्यकीय रिपोर्ट, पासवर्डची फाइल आणि ज्याची त्याची खाजगी जागा एवढंच उरतं. दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर द्यायला गेलं की तक्ता चाळीस ओळींचा होतो.

आता तुम्ही स्वतः बाहेर का अडकलात ते पाहू. नॅसच्या परवानगीच्या पानावर तीन खुणा असतात: नो ॲक्सेस, रीड-राइट, रीड ओन्ली. चौथी अवस्था असते ती म्हणजे काहीच खूण नसणं, आणि ती सहसा नजरेतून सुटते. खूण नाही म्हणजे परवानगी नाही. वेगळं ‘नाही’ लिहायची गरज नसते. नो ॲक्सेस ही त्याहून जोरकस गोष्ट आहे: तो नकार बाकी सगळ्या होकारांवर मात करतो. ‘युझर्स’ हा ग्रुप बऱ्याच नॅसवर आपोआप बनतो आणि प्रत्येक खातं जन्मतःच त्यात असतं, तुमचंही. तुम्हाला व्यक्ती म्हणून रीड-राइट मिळालं, ग्रुपमधून नो ॲक्सेस मिळालं आणि नकार जिंकला. उपाय सोपा आहे. ॲडमिन खात्यानं नॅसच्या वेबपानावर जा, त्या शेअरवरची ‘युझर्स’समोरची खूण काढून जागा मोकळी ठेवा. मुलांना तरीही आत जाता येणार नाही, कारण त्यांना कुणी परवानगी दिलेलीच नाही.

नो ॲक्सेस घरात वापरूच नका, असं मी म्हणेन. ते वापरावंसं वाटणं हीच खूण असते की ग्रुप चुकीचे पाडलेत.

याच्या उलट बाजूचा घोळही ध्यानात ठेवा. सिनॉलॉजी कंपनीच्या नॅसवर क्रम असा आहे: सर्वांत वर नो ॲक्सेस, मग रीड-राइट, मग रीड ओन्ली. म्हणजे मुलाला व्यक्ती म्हणून रीड ओन्ली दिलं, पण तो ज्या ग्रुपमध्ये आहे त्याला रीड-राइट असेल, तर मुलाला लिहिता येतं. ‘मी तर त्याला फक्त वाचायला दिलं होतं’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. एका खात्याला परवानगी एकतर सगळी ग्रुपमधून द्या, नाहीतर सगळी व्यक्ती म्हणून. एकाच शेअरवर एकाच खात्यासाठी दोन्ही मिसळू नका.

७७७ बद्दल जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण तो सल्ला इतक्या ठिकाणी मिळतो की तो बरोबरच असेल असं वाटायला लागतं. नॅसच्या फाइलीपर्यंत पोचायला दोन दारं असतात. पहिलं दार शेअरचं, नेटवर्कवरून आत येताना लागतं. दुसरं डिस्कवरच्या प्रत्यक्ष फाइलीचं. दोन्ही उघडी असतील तरच काम होतं. दोहोंत जे जास्त कडक, ते लागू. ७७७ मुळे फक्त दुसरं दार उघडतं. तीन आकडे म्हणजे मालक, ग्रुप आणि बाकीचे. वाचायचे ४, लिहायचे २, आत शिरायचा किंवा चालवायचा १, मिळून ७. तीनदा सात म्हणजे तिघांनाही सगळं खुलं.

पण खुलं कशाला? त्या क्षणी डिस्कवर असलेल्या फाइलींना. उद्या येणाऱ्या फाइलीला तो आदेश माहीत नसतो. सांबा, म्हणजे विंडोजशी बोलणारं नॅसमधलं सॉफ्टवेअर, नवी फाइल बनवताना स्वतःच्या नियमानं आकडे लावतं आणि तो नियम बदलला नसेल तर आकडे येतात ७४४: बनवणाऱ्याला सगळं, इतरांना फक्त वाचायला. मुलानं काल ठेवलेली फाइल मुलीला उघडते पण बदलता येत नाही, ते यामुळे. परत ७७७ चालवलंत तर कालची फाइल सुधारेल आणि उद्याची पुन्हा अडकेल. काही जण मग दर रात्री आपोआप ७७७ चालवायची सोय करतात! गळक्या नळाखाली बादली ठेवण्यातलाच हा प्रकार.

नळ दुरुस्त करायचा तर फोल्डरचा मालकी-ग्रुप आणि नव्या फाइलीचा नियम, दोन्ही ठरवावे लागतात. लिनक्सवर हातानं चालवणाऱ्यांसाठी आकडे असे: शेअरचा ग्रुप ‘घर’ (घरातले सगळे जण) करा, फोल्डरांना २७७० आणि फाइलींना ६६० द्या. पुढचा २ महत्त्वाचा आहे. त्याच्यामुळे आत बनणारी प्रत्येक नवी फाइल बनवणाऱ्याच्या ग्रुपऐवजी फोल्डरच्या ग्रुपची होते. सांबाच्या सेटिंगमध्ये त्या शेअरखाली क्रिएट मास्क ०६६०, डिरेक्टरी मास्क २७७० आणि फोर्स ग्रुपसमोर तोच ग्रुप. फोल्डर आणि फाइलींना एकच आकडा एका झटक्यात देऊ नका: ६६० दिलेल्या फोल्डरात कुणाला शिरताच येत नाही, आणि ७७० दिलेली प्रत्येक फाइल ‘चालवण्याजोगी’ होऊन बसते. आधी फोल्डर वेगळे शोधून, मग फाइली वेगळ्या शोधून. नव्या माणसाला ग्रुपमध्ये घालताना कमांडमधला ‘जोडा’वाला पर्याय विसरला की तो माणूस बाकीच्या सगळ्या जोडग्रुपांतून बाहेर पडतो. ही चूक फार होते, आणि लक्षात येते आठवड्यानं, भलत्याच फोल्डरला हात लागला की.

तुमची नॅस तयार खोक्याची आहे, त्यामुळे यातलं काही कमांडनं करू नका. अशा नॅसवर आकड्यांऐवजी एसीएल नावाची यादी असते: कुणाला काय, हे ओळीओळीनं लिहिलेलं, आणि वरच्या फोल्डरकडून खालच्याला वारशानं मिळणारं. कमांडनं ७७७ चालवलं की काही नॅसवर ही यादीच पुसली जाते आणि वारसा तुटतो. तुमच्याकडे तसं झालं असण्याची शक्यता बरीच आहे. नॅसच्या फाइल मॅनेजरमध्ये शेअरच्या सगळ्यात वरच्या फोल्डरवर उजवी टिचकी, मग प्रॉपर्टीज, मग परमिशन. तिथे ‘एव्हरीवन’ची, म्हणजे सगळ्यांना मोकळीक देणारी ओळ असेल तर काढा, हव्या त्या ग्रुपची ओळ घाला आणि ‘हा फोल्डर, आतले फोल्डर आणि फाइली’ या सगळ्यांना लागू करा अशी खूण करून सेव्ह करा. लाखभर फाइली असतील तर वेळ लागेल. मध्येच थांबवलंत तर अर्धं घर एका नियमावर आणि अर्धं दुसऱ्यावर राहील, त्यामुळे रात्री लावून झोपा.

आता चाळीस ओळी. फोल्डरागणिक परवानगी हा हट्ट सोडा, परवानगी शेअरलाच लावा. आतल्या फोल्डरांना हात लावायचा नाही. कारण सांगतो. समजा ‘घर’ शेअरमध्ये ‘विमा’ फोल्डरला तुम्ही कडक परवानगी लावली. सहा महिन्यांनी त्यातली एक फाइल पतींनी ‘गाडी’ फोल्डरात हलवली. एकाच शेअरमध्ये हलवलेली फाइल आपली जुनी परवानगी सोबत घेऊन जाते. कॉपी केलेली फाइल नव्या जागेची परवानगी घेते. त्यामुळे ‘गाडी’मधल्या वीस फाइली सासऱ्यांना उघडतात आणि एकविसावी उघडत नाही, आणि का ते कुणालाच सांगता येत नाही. वेगवेगळे शेअर असले की हा प्रश्न पुष्कळसा मिटतो. शिवाय वेगळ्या ड्राइव्ह-अक्षरावर ओढलेला फोल्डर विंडोज मुळात कॉपी करतो, हलवत नाही. ‘२०१९’ त्या दिवशी वेगळ्या शेअरमध्ये असता तर ‘सिनेमे’मध्ये त्याची एक प्रत गेली असती आणि मूळ जागेवर तो तसाच राहिला असता.

तुमच्या पत्रावरून मला सहा शेअर पुरेसे दिसतात, आणि ग्रुप दोनच: ‘घर’ म्हणजे पाचही जण, ‘मोठे’ म्हणजे तुम्ही, पती आणि सासरे. ‘फोटो’: घर ग्रुपला रीड ओन्ली, लिहिणारी एकच व्यक्ती. ‘आवक’: घर ग्रुपला रीड-राइट, फोन, कॅमेरा, पेन ड्राइव्ह, जे काही घरात येतं ते आधी इथे. ‘सिनेमे’: घर ग्रुपला रीड ओन्ली, लिहिणारा इथेही एकच. ‘कागदपत्रं’: मोठे ग्रुपला रीड-राइट, बाकी कुणाच्या समोर खूणच नाही. ‘बॅकअप’: यातल्या कुणालाच नाही, त्याबद्दल पुढे. आणि सहावा म्हणजे प्रत्येकाचा स्वतःचा ‘होम’ फोल्डर, जो नॅस आपोआप देते. ‘फोटो’ आणि ‘सिनेमे’वर ग्रुप आणि व्यक्ती मिसळू नयेत हा नियम मोडू नये म्हणून लिहिणाऱ्यासाठी वेगळं खातं करा, समजा ‘संग्रह’, आणि त्याला ‘घर’ ग्रुपमध्ये घालू नका. महिन्यातून एकदा त्या खात्यानं शिरून ‘आवक’मधले निवडक फोटो ‘फोटो’मध्ये लावायचे. हे काम मुलीला आवडलं तर तिलाच द्या. शेअरची आणि खात्यांची खरी नावं मात्र साध्या इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता ठेवा. जुने टीव्ही आणि स्कॅनर देवनागरीवर अडखळतात.

‘परवानगी नसलेल्यांना शेअर दिसूच नये’ असा एक पर्याय असतो, तो चालू करा. सुरक्षेत भर पडत नाही, पण नऊ वर्षांच्या मुलाला न उघडणारं दार दिसत राहिलं की तो ते वाजवणारच.

तुम्ही तक्त्याच्या एका ओळीत लिहिलंय, ‘बदल करता यावेत, पण डिलीट करता येऊ नये’. मागणी रास्त वाटते, पण ती बहुतेक ठिकाणी आपल्यावरच उलटते. एक तर लिनक्सच्या जुन्या तीन आकड्यांच्या पद्धतीत डिलीटची परवानगी फाइलीवर नसतेच, ती फोल्डरवर असते. फाइल डिलीट करणं म्हणजे फोल्डरच्या यादीतलं नाव खोडणं, आणि यादीत लिहायची परवानगी असणारा यादीतलं खोडूही शकतो. फाइल रीड ओन्ली असली तरीसुद्धा. एसीएलमध्ये डिलीट वेगळं काढता येतं, पण तिथे वर्डसारखे प्रोग्राम आडवे येतात. तुम्ही सेव्ह दाबता तेव्हा वर्ड मूळ फाइलीत लिहीत नाही. शेजारी एक तात्पुरती फाइल बनवतो, तिच्यात सगळं लिहितो, जुनीचं नाव बदलतो, नवीला जुनीचं नाव देतो आणि शेवटी जुनी डिलीट करतो. डिलीट बंद असेल तर ही साखळी अर्ध्यात तुटते. वापरणाऱ्याला सेव्ह झालं नाही असा संदेश मिळतो आणि फोल्डरात टिल्डनं सुरू होणाऱ्या, टीएमपीनं संपणाऱ्या फाइलींचा ढीग साठतो. तेव्हा जिथे काम चालतं तिथे डिलीट राहू द्या आणि त्याच्यामागे जाळं लावा.

जाळी दोन. रिसायकल बिन प्रत्येक शेअरवर चालू करा आणि ३० दिवसांनी आपोआप रिकामा होऊ द्या. विंडोजचा आपला रिसायकल बिन नेटवर्क ड्राइव्हसाठी काम करत नाही. नॅसचा वेगळा लागतो. पण तो फक्त डिलीट पकडतो. कुणी फाइलीवर दुसरंच काही लिहून सेव्ह केलं किंवा फोल्डर भलतीकडे हलवला तर तिथे काही सापडत नाही. त्यासाठी स्नॅपशॉट, म्हणजे शेअर त्या क्षणी जसा होता त्याची गोठवलेली नोंद, तुमच्या डिस्कची रचना बीटीआरएफएस किंवा झेडएफएस असेल तर. ‘कागदपत्रं’ आणि ‘आवक’ला दर तासाला, बाकीच्यांना रोज एक, तासांचे २४ आणि दिवसांचे ३० ठेवलेत तरी घरासाठी पुष्कळ. बदललेला भागच साठवला जात असल्यानं जागा अंदाजापेक्षा कमी लागते. ‘२०१९’ तीन दिवस शोधलात. स्नॅपशॉट असता तर कालच्या तारखेत जाऊन पाहता आलं असतं.

पतींच्या लॅपटॉपचं दुखणं परवानगीचं नाही, विंडोजच्या सवयीचं आहे. विंडोज एका वेळी एका सर्व्हरशी एकाच नावानं बोलतो. त्या लॅपटॉपवर जुन्या सामायिक लॉगिननं जोडलेला ड्राइव्ह बहुधा अजून शिल्लक आहे. त्याच नॅसकडे पतींच्या नावानं दुसरी जोडणी मागितली की विंडोज नकार देतो, कधी १२१९ हा क्रमांक दाखवून, तर कधी नुसता पासवर्ड मागत राहून. पासवर्ड बरोबर असला तरी. असं करा: जोडलेले सगळे नेटवर्क ड्राइव्ह तोडा. कंट्रोल पॅनेलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये विंडोज क्रेडेन्शियल्सखाली नॅसच्या नावानं आणि तिच्या आयपी पत्त्यानं असलेल्या दोन्ही नोंदी काढा. साइन आउट करून परत या, मग पतींच्या नावानं जोडा. नाव आणि आयपी पत्ता विंडोजला दोन वेगळे सर्व्हर वाटतात, त्यामुळे कधीकधी आयपीनं ‘चालतं’ आणि नावानं चालत नाही. ही पळवाट म्हणून वापरू नका, दोन महिन्यांनी कोणता ड्राइव्ह कुणाच्या नावानं आहे ते कळेनासं होतं. मॅकवर हीच जुनी नोंद कीचेन या पासवर्ड साठवणाऱ्या जागेत लपलेली असते.

याला जोडून एक गोष्ट. मुलगा तुमच्याच लॅपटॉपवर, तुमच्याच विंडोज खात्यात बसून खेळत असेल तर वर लिहिलेलं सगळं वाया. नॅसला समोर कुणाची बोटं आहेत ते दिसत नाही, लॉगिन दिसतं, आणि ते तुमचं आहे. सामायिक लॅपटॉपवर मुलासाठी विंडोजचं वेगळं खातं करा आणि त्यात त्याचंच नॅस लॉगिन साठवा.

परवानग्यांना बगल देणाऱ्या वाटाही आहेत. टीव्हीवर सिनेमे दिसावेत म्हणून डीएलएनए ही मीडिया सर्व्हरची सेवा चालू केली असेल, तर त्या सेवेला युझर हा प्रकारच माहीत नाही. मीडिया सर्व्हरनं जे फोल्डर सूचीत घेतले ते घरातल्या वायफायवरच्या प्रत्येकाला दिसतात, पाहुण्याच्या फोनलाही. सूचीत फक्त ‘सिनेमे’ आणि फार तर ‘फोटो’ ठेवा, ‘होम’ कधीच नको. एनएफएस (फाइली वाटून घेण्याची लिनक्सकडची पद्धत) चालू असेल आणि लागत नसेल तर बंद करा. साध्या जोडणीत ते समोरच्या यंत्रानं सांगितलेला युझर क्रमांक खरा मानतं. स्कॅनरला स्वतःचं खातं द्या, ज्याला फक्त ‘आवक’वर लिहिता येतं. स्कॅनर फारच जुना असेल तर तो एसएमबीची, म्हणजे विंडोजच्या फाइल-वाटपाच्या भाषेची, पहिली आवृत्ती मागेल. त्याच्यासाठी नॅसवर ती चालू करू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर पसरलं ते विंडोजमधल्या याच आवृत्तीच्या भोकातून. पेन ड्राइव्हवर स्कॅन करणं परवडलं. आणि ‘गेस्ट’ खातं बंदच ठेवा. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो विंडोजसुद्धा पासवर्डविना गेस्ट जोडणी मुळातच नाकारतो, त्यामुळे पासवर्डच काढून ‘सगळ्यांना मोकळं’ करायचं म्हटलं तरी ते फार दिवस टिकणार नाही.

‘बॅकअप’ शेअर कुणालाच का नाही? रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) ज्या माणसाच्या लॅपटॉपवर शिरतं त्या माणसाच्या परवानग्या घेऊन फिरतं. पतींना ‘बॅकअप’वर लिहिता येत असेल तर त्यालाही येतं. बॅकअपसाठी एक वेगळं खातं करा, त्याचा पासवर्ड बॅकअप प्रोग्रामच्या आतच घाला आणि तो शेअर विंडोजला ड्राइव्ह म्हणून कधीही जोडू नका. याच कारणासाठी तुम्हालाही दोन खाती हवीत: रोजचं साधं, आणि ॲडमिनचं फक्त वेबपानासाठी. दोन डिस्क एकमेकींची नक्कल करतात हा बॅकअप नव्हे. डिलीटचीही तितकीच इमानदारीनं नक्कल होते. यूएसबी डिस्कवर एक प्रत घ्या, घेऊन झाली की डिस्क काढून ठेवा, आणि जमलं तर आणखी एक घराबाहेर.

तुम्ही न विचारलेला एक मुद्दा. मुलीला ‘होम’ फोल्डर दिलात की तिला वाटेल, हा फक्त माझा आहे. तसं नाही. ॲडमिनला सगळ्यांचे ‘होम’ उघडता येतात, आणि नाही उघडले तर मालकी स्वतःकडे घेऊन उघडता येतात. कुठलीही खूण ॲडमिनला खऱ्या अर्थानं रोखत नाही. तिला हे आधीच सांगा. तिला खरोखरची खाजगी जागा हवी असेल तर तिनं आपल्या लॅपटॉपवर क्रिप्टोमेटर किंवा व्हेराक्रिप्ट या फाइली कुलूपबंद करणाऱ्या प्रोग्रामनं बंद केलेली तिजोरी बनवावी आणि ती ‘होम’मध्ये ठेवावी. किल्ली तिच्याकडे, साठवण तुमच्याकडे. पासवर्ड विसरली तर तुम्हालाही उघडता येणार नाही, हेही त्याच वेळी सांगा.

बदल एका बैठकीत करायला हरकत नाही, पण सुरुवात यूएसबी डिस्कवर पूर्ण प्रत घेऊन करा. मग खाती आणि ग्रुप, मग नवे रिकामे शेअर आणि त्यांच्या परवानग्या, आणि सामान सगळ्यात शेवटी. जुना ‘घर’ शेअर लगेच उडवू नका. त्याला महिनाभर सगळ्यांसाठी रीड ओन्ली करा; जे विसरलं ते कुणीतरी तिथे शोधायला येईलच. तपासणी ॲडमिनच्या पानावरून करू नका, ज्याच्या त्याच्या लॅपटॉपवर जाऊन करा: एक फाइल उघडा, एक बदलून सेव्ह करा, एक डिलीट करा, आणि जिथे नकार मिळायला हवा तिथे तो मिळतो का पाहा. ग्रुप बदलल्यावर आधी साइन आउट करायला विसरू नका. ग्रुपची माहिती जोडणी होताना एकदाच वाचली जाते, जुनी जोडणी चालू असेपर्यंत जुनेच हक्क चालतात आणि आपण उगीच सेटिंग उलटंसुलटं करत बसतो.

‘२०१९’ सापडला त्या जागीच, ‘सिनेमे’च्या आतच असेल अजून, तर त्याला ओढून हलवू नका. ‘संग्रह’ खात्यानं ‘फोटो’ शेअरमध्ये कॉपी करा म्हणजे तो नव्या जागेची परवानगी घेईल. दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि एकूण आकार प्रॉपर्टीजमध्ये पाहा, जुळले की मगच जुना काढा.